दुसऱ्या गुडघ्याआधी: आईचं दुखणं वॉर्डात कोणाला आणि कसं सांगायचं?

मयेचा_मास्तर

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई 67 वर्षांची. सगळा जन्म कुळागरात, म्हणजे सुपारी-केळीच्या बागेत गेला. सुपाऱ्या वेचणं, पाटाचं पाणी फिरवणं, डोक्यावर केळीचे घड घेऊन चढउतार, यात दोन्ही गुडघे झिजले. डावा गुडघा संक्रांतीच्या आठवड्यात बदलून घेतला. ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. एक्स-रे बघून डॉक्टर खूश, आम्हीही खूश. तक्रार आहे ती नंतरच्या तीन रात्रींची.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कमरेखालचं सगळं बधिर होतं, तोवर आई मजेत. पेज प्यायली, शेजारच्या बेडवरच्या बाईला आमच्या माटोळीच्या (चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून बांधतात ती) गोष्टी सांगितल्या. अकराच्या सुमारास पायात जाग आली. सिस्टर फेरीला आल्या, "आजी, दुखतंय का?" आई म्हणाली, "ना गो बाय, बरं आहे." मी बाजूलाच होतो. तिनं बेडचा दांडा एवढा घट्ट धरला होता की नखं पांढरी पडली होती. दीड वाजता मी काउंटरवर गेलो. उत्तर आलं, "डॉक्टरांनी एसओएस लिहिलंय. दुखलं तर द्यायचं. त्या तर दुखत नाही म्हणाल्या." मग ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन, ते दुसऱ्या मजल्यावर अडकलेले. इंजेक्शन मिळालं तेव्हा तीनला दहा कमी होते. घड्याळ समोरच भिंतीवर होतं, म्हणून पक्कं सांगतो.

सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली आणि तिनं आईला उभं केलं. आई अशी ओरडली की मी जिना उतरून खाली गेलो. पुढे त्या मुलीच्या चपलांचा आवाज आला की आई भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. व्यायाम राहिले ते राहिलेच. तो गुडघा अजून पूर्ण सरळ होत नाही.

आता उजवा गुडघा. जूनच्या मध्यावर तारीख मिळाली आहे, हॉस्पिटल वेगळं आहे. आई म्हणते, "एकाच पायावर जगेन, पण त्या रात्री नकोत." चवथीला खुर्चीवर बसून का होईना, माटोळी बांधताना सगळ्यांवर हुकूम सोडायचे आहेत तिला, तेवढ्यावर कशीबशी तयार झाली आहे.

मला विचारायचं आहे ते हे की दुखणं कमी ठेवण्याचं काम नक्की कोणाचं? सर्जनचं, भूल देणाऱ्यांचं की सिस्टरचं? आधी कोणाला भेटून काय ठरवून घ्यावं? आणि "दुखत नाही" म्हणणाऱ्या बाईचं दुखणं मोजायचं कसं? आईला बीपीची गोळी (टेल्मिसार्टन) आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे.

सासष्टीकर_72

मास्तर, ऑपरेशन म्हटलं की दुखणारच. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा दोन दिवस छताचा पंखा मोजत काढले, तिसऱ्या दिवशी बरा. आमच्या आजीची नऊ बाळंतपणं घरी झाली, कुठलं इंजेक्शन? उगाच जास्त औषधं मागू नका, सवय लागते. आईंना शुभेच्छा.

निवृत्त_सिस्टर_फोंडा

सासष्टीकर, तुमच्या आजीला कोणी विचारलं होतं का, की गो तुला हवं होतं का इंजेक्शन?

मास्तर, मी 31 वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी सर्जिकलला. म्हणजे तुम्ही दीड वाजता ज्या काउंटरवर गेलात, त्याच्या आतल्या बाजूला. तिथून कसं दिसतं ते सांगते. रात्रपाळीला आम्ही दोघी आणि पेशंट पंचवीस-तीस. एकाची सलाइन संपलेली, एकाची लघवी अडलेली, एक म्हातारा नळी उपटून चालू लागलेला. अशा वेळी जो पेशंट गप्प, तो बरा असंच आम्ही धरतो. चूक आहे, पण धरतो.

ती चूक मला रापणीवरच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्या) एका काकांनी दाखवली. पोटाचं मोठं ऑपरेशन, वर बेंबीपासून खाली लांब छेद. दोन दिवस चकार शब्द नाही. विचारलं की, "बरें आसा." तिसऱ्या दिवशी ताप आणि छातीत घरघर. खोकला आला की टाके ओढले जातात, म्हणून ते खोकतच नव्हते. खोल श्वासही घेत नव्हते. कफ साचून राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस शांत नव्हता, तो हलायलाच घाबरत होता. त्यांच्या टेबलावरचा चहा दोन दिवस तसाच राहत होता, कारण कपापर्यंत हात नेला की पोट दुखायचं. चहा तर मी रोज बघत होते!

तेव्हापासून "दुखतंय का" हा प्रश्न मी सोडला. त्याला आपल्याकडची बायकामाणसं "नाही" हेच उत्तर देतात, जसं पाहुण्याला "जेवलात का" विचारलं की तो "हो" म्हणतो. मी म्हणायची, "कुशीवर वळा बघू." "खोका बघू, पोटावर उशी दाबून धरा." "पाय उचला." आणि तोंडाकडे बघायची. पडून राहिल्यावरचं दुखणं वेगळं आणि हलल्यावरचं वेगळं. कागदावर दोन्ही यायला हवीत. पेशंट बरा होतो तो हलल्यानं, म्हणून मी दुसऱ्याला जास्त मान देते.

आता मोजण्याचं. पुस्तकात शून्य ते दहाची पट्टी आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. शिकलेल्यांना जमते. एकदा भाजी विकणाऱ्या एका मावशीला विचारलं, "दहापैकी किती?" तर म्हणाली, "दहा कसले गो?" मग मी विचारलं, "रुपयात किती दुखतं?" क्षणाचा उशीर न लावता उत्तर (रुपयाचे आणे सोळा), "बारा आणे." इंजेक्शननंतर तासाभरानं गेले, तर स्वतःहून म्हणाली, "आता पाच आणे. पण उठले की आठ." अहो, इतकं नेमकं मला डॉक्टरही सांगत नाहीत. पुढे म्हाताऱ्या पेशंटांना मी आण्यातच विचारायची आणि चार्टवर दहाच्या पट्टीत लिहायची.

तुमच्या आईला आत्ता घरीच सवय लावा. रोज संध्याकाळी विचारा, उजवा गुडघा आज किती आणे, बसून किती आणि चालून किती. ऑपरेशननंतर तिला नवं काही शिकावं लागणार नाही. दुखणं कुठल्या जातीचं तेही विचारून ठेवा. ठणका, कळ, चमक, आग, ओढ, ठुसठुस हे सगळे शब्द एकाच दुखण्याचे नव्हेत. आग होते किंवा मुंग्या येतात असं म्हणाली तर ते दुखणं मज्जातंतूचं असू शकतं, त्याला औषध वेगळं लागतं. तिनं शब्द सांगितला की तुम्ही तोच शब्द डॉक्टरांपुढे ठेवा, "दुखतंय" एवढ्यावर भागवू नका.

आणि तिला एक गोष्ट पटवा. सांगणं म्हणजे कुरकुर नाही. आपल्या पिढीला वाटतं, सिस्टरला त्रास कशाला द्यायचा. मी सांगते, पहाटे चारला किंचाळणाऱ्या पेशंटपेक्षा रात्री अकराला "सात आणे" म्हणणारा पेशंट आम्हाला लाख पटीनं परवडतो.

कांदोळीचा_वाटसरू

अवांतर आहे, पण राहवत नाही. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे, आडव्या पडलेल्या बाईवर हात पसरून उभे असलेले. पर्यटक फोटो काढतात आणि पुढे जातात. हा आमच्या कांदोळीत 1756 साली जन्मलेला माणूस. पॅरिसला जाऊन त्यानं सांगितलं की संमोहनात गुंगी येते ती कुठल्या चुंबकी द्रव्यानं नव्हे, सूचनेनं, म्हणजे समोरच्याच्या मनानं. 1819 मध्ये तो वारला. बॉस्टनमध्ये ईथर देऊन केलेलं ते गाजलेलं ऑपरेशन 1846 चं. त्याच्या आदल्याच वर्षी बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा डॉक्टर नुसत्या संमोहनाच्या गुंगीत शस्त्रक्रिया करायला लागला होता. तेव्हा भुलेच्या इतिहासात एक गोंयकारही आहे. बाकी चालू द्या.

भुलेश्वर

वाटसरू, अवांतर नाही हो ते. माझा धंदाच भुलेचा, म्हणून हे टोपणनाव. उद्या काय होणार, कधी दुखेल, दुखल्यावर काय मिळेल हे आदल्या दिवशी नीट समजावलेला पेशंट आणि काहीही न सांगितलेला पेशंट यांच्यातला फरक मी रोज बघतो. भीतीनं दुखणं वाढतं. मास्तरांची आई या वेळी आधीच घाबरलेली येणार आहे. हे तिच्या भूलतज्ज्ञांना सांगाच. पहिल्या वेळचा वाईट अनुभव ही आमच्यासाठी रक्ताच्या रिपोर्टइतकीच कामाची माहिती आहे.

काम कोणाचं, तर तिघांचं, आणि म्हणूनच ते कधीकधी कोणाचंच राहत नाही. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांची तपासणी असते. बहुतेक लोक तिथे फक्त ईसीजी दाखवतात आणि सही करतात. तुमच्या प्रश्नाची खरी जागा ती.

आधी त्या "एसओएस"चं सांगतो. लोकांना वाटतं, बुडत्या जहाजाची हाक. ते लॅटिन आहे, "सी ओपुस सित", म्हणजे गरज पडली तर. वाईट शब्द नाही, पण मोठ्या ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळी मदार त्याच्यावर ठेवली की तुमच्यासारख्या रात्री येतात. आधी दुखणार, मग पेशंट सांगणार, मग फोन, मग औषध, मग ते लागू व्हायला वेळ. आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतांचं बघा. मानशीचं (बांधातल्या झडपेचं) दार भरतीच्या आधी बंद व्हावं लागतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते काढायला किती दिवस जातात, विचारा कोणत्याही शेतकऱ्याला. दुखण्याचं तसंच आहे. मज्जातंतूंवर दुखण्याचा मारा बराच वेळ चालू राहिला की ते जास्तच संवेदनशील होतात, आणि मग साध्या स्पर्शालाही ठणका उठतो. सुरुवातीचं दुखणं फार तीव्र असलं की काही जणांना ते तीन-तीन महिन्यांनंतरही चिकटून राहतं.

म्हणून मूळ औषध घड्याळावर द्यायचं, आणि एसओएस त्याच्यावर जादा म्हणून. मूळ औषध बहुतेकदा साधं पॅरासिटामॉल. लोक त्याला तापाची गोळी म्हणून हसतात, पण 1 ग्रॅम दर 6 तासांनी नेमानं दिलं की पुढच्या जड औषधांची गरज कमी होते. प्रौढाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, वजन 50 किलोच्या खाली असेल किंवा लिव्हर नाजूक असेल तर त्याहून कमी. घरी आल्यावर एक सांभाळा. ट्रामाडॉलच्या जोडगोळीत बहुधा 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच, सर्दीच्या गोळीतही असतं. तिन्ही मिळून बेरीज नकळत वर जाते.

दुसरं, डायक्लोफेनॅक-केटोरोलॅकच्या जातीची औषधं. सूज आणि दुखणं दोन्हींवर चांगली, पण तुमच्या आईच्या बाबतीत मी दोनदा विचार करीन. मधुमेह, वय 67, वर टेल्मिसार्टन. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल (बीपीच्या कित्येक गोळ्यांत ती जोडून येते, पाकिटावर वाचा) तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघूनच ठरवावं. नकोच असं नाही, पण शेजारच्या मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनानं तर मुळीच नको.

तिसरा ब्लॉक. गुडघ्यासाठी मांडीच्या आतल्या बाजूला सोनोग्राफीत बघत मज्जातंतूभोवती बधिर करणारं औषध सोडतात, त्याला अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक म्हणतात. मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते, त्यामुळे बाई दुसऱ्या दिवशी उभी राहू शकते. गुडघ्याच्या मागची बाजू त्यात नीट येत नाही, तिथे सर्जन ऑपरेशन करतानाच सांध्याभोवती औषध टोचतात. त्यांच्या कानावर घाला. ब्लॉक साधारण 12 ते 24 तास टिकतो. आता गंमत बघा. दुपारी दिलेला ब्लॉक उतरतो कधी? मध्यरात्रीनंतर, वॉर्डात माणसं सगळ्यात कमी असताना. म्हणून तो उतरायच्या आधीच बाकीची औषधं पोटात किंवा शिरेत असायला हवीत. "अजून दुखत नाही, मग गोळी कशाला" असं म्हणून आईंनी ती उशीखाली ठेवू नये. ठेवतात हो, मी उशा उचलून बघितल्या आहेत.

सासष्टीकरांच्या सवयीच्या मुद्द्याबद्दल. हॉस्पिटलात, देखरेखीखाली, दोन-चार दिवस मॉर्फिनच्या जातीचं औषध घेऊन व्यसन लागण्याची शक्यता फार कमी. घरी आल्यावर महिनोन्‌महिने स्वतःच चालू ठेवलं तर ती वेगळी गोष्ट. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्यानंतर मॉर्फिन ठेवणं म्हणजे कागदपत्रांचं एवढं लचांड झालं की कित्येक हॉस्पिटलांनी नादच सोडला. 2014 च्या दुरुस्तीनं नियम सोपे केले, तरी मनातली भीती तशीच आहे. ट्रामाडॉलही 2018 पासून त्याच कायद्याखाली आलंय.

या औषधांनी मळमळ, बद्धकोष्ठ होतं, त्यावर उपाय आहेत. जपायचं ते झोपेला. पेशंट हाक मारल्यावर नीट जागा होत नसेल, बोलता बोलता डोळा लागत असेल, श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला असेल तर "बरं झालं, झोप लागली" असं म्हणू नका. लगेच सिस्टरला बोलवा. उतारा आहे, नॅलोक्सोन, पण तो वेळेत मिळायला हवा. हॉस्पिटलात बटण दाबून औषध सोडणारा पंप दिला तर बटण फक्त आईनं दाबायचं. मायेपोटी मुलानं दाबलं की त्या पंपातली सगळी सुरक्षितता गेली.

आणि उतरत चाललेलं दुखणं अचानक उसळलं, पोटरी सुजली, दम लागला, तर गोळी वाढवून मागू नका, डॉक्टरांना बोलवा. ते दुखणं काहीतरी सांगत असतं.

मयेचा_मास्तर

देव बरें करूं, सगळ्यांना. काल तपासणीला गेलो होतो. वहीच्या एका पानावर लिहून नेलं: पहिल्या वेळच्या तीन रात्री, आईच्या गोळ्या (बीपीच्या पाकिटावर बघितलं, खरंच जोडगोळी निघाली!), आणि तीन प्रश्न. ब्लॉक देणार का? पॅरासिटामॉल वेळेवर लिहिणार का? रात्री दुखणं वाढलं तर फोन कोणाला? भूल देणाऱ्या मॅडमनी पान हातात घेऊन वाचलं. ब्लॉक देणार म्हणाल्या. क्रिएटिनिन थोडं वर आहे, म्हणून डायक्लोफेनॅक टाळणार. तिसऱ्या प्रश्नाला थोडं थांबून स्वतःचा नंबर लिहून दिला.

आण्यांचा हिशेब घरी सुरू केला. पहिल्या दिवशी आई लाजली. आता जावेला फोनवर सांगते, "आज पावसाचं वातावरण, सकाळपासून नऊ आणे." गणिताचा मास्तर म्हणून मी कोष्टक केलं आहे, दहाच्या पट्टीवरचे चार म्हणजे जवळजवळ साडेसहा आणे. सिस्टर, साडेसहाच्या वर गेलं की बेल वाजवायची, बरोबर ना?

निवृत्त_सिस्टर_फोंडा

बरोबर. पण अर्ध्या आण्यावर वाद घालत बसू नका, मास्तर. औषध दिल्यावर अर्ध्या-एक तासानं परत विचारा आणि लिहा. शिरेतून दिलेलं लवकर लागतं, गोळीला वेळ लागतो. दुसऱ्यांदा विचारणं वॉर्डात सगळ्यात आधी गळून पडतं. फिजिओची वेळ आदल्या दिवशी विचारून गोळी त्याच्या साधारण तासभर आधी येईल असं बघा. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नको. मधुमेह आहे, जास्तच जपा.

मयेचा_मास्तर

धागा वर काढतोय. ऑपरेशन गुरुवारी दुपारी झालं, दीनदयाळ कार्डावर (गोव्याची सरकारी आरोग्य विमा योजना).

भुलेश्वर, तुम्ही म्हणालात तसंच झालं. रात्री दोनपर्यंत एक-दोन आणे. मग ब्लॉक उतरला आणि वीस मिनिटांत अकरा. बाहेर पाऊस असा कोसळत होता की बेल ऐकू जाते की नाही असं वाटलं, पण या वेळी चार्टवर औषध लिहिलेलं होतं, फोनाफोनी लागली नाही. दोन पंचवीसला ट्रामाडॉल मिळालं. तीनला सहा आणे. मात्र पहाटे तिला तीनदा उलटी झाली, इतकी की म्हणाली, "यापेक्षा दुखणं परवडलं." मॅडमना फोन केला. त्यांनी ते बंद करून दुसरं दिलं आणि उलटीचं इंजेक्शन जोडलं. तो अर्धा दिवस वाईटच गेला, खोटं कशाला सांगू.

एक सिस्टर माझ्या वहीवर थोड्या वैतागल्या. "आमचा चार्ट आहे ना, तुम्ही कशाला लिहिता?" मी म्हटलं, आईला सवय झाली आहे. दुसऱ्या पाळीच्या सिस्टरनी मात्र वहीतलंच बघून चार्ट भरला. फिजिओच्या आधी तासभर गोळी मिळाली, शनिवारी ती चार पावलं चालली. ओरडली नाही, पण फिजिओच्या मुलाला कुळागरातल्या गड्याला देते तशी एक शेलकी शिवी दिली. तो पेडण्याचा, त्याला कळली.

आज सोमवार, दुपारचे चार. पडून तीन आणे, उभं राहून सात. पेज आणि सोलाची कढी संपवली. समोरच्या बेडवर साखळीच्या एक काकू आहेत, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. सकाळपासून "बरं आहे, बरं आहे" म्हणत होत्या. आईनं इथूनच विचारलं, "बरं आहे ते कळलं गो, पण खोकल्यावर किती आणे?" त्यांनी खोकून बघितलं आणि म्हणाल्या, "दहा." मी सिस्टरना बोलावून आणलं. त्यांच्या मुलाला आता तशीच वही हवी आहे, उद्या डिचोलीहून येताना एक घेऊन येतो.